कोंबडीचे औषध, घोड्याचे विष

औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा, हे आपण नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. पण आणखी एक फरक तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. तो म्हणजे घेणारा कोण, हा. एका जनावराला जे औषध जीवदान देते, तेच त्याच मात्रेत शेजारच्या दावणीला बांधलेल्या दुसऱ्या जनावराचा प्राण घेऊ शकते. पशुवैद्यक म्हणून काम करताना मला याचा अनुभव आलेला आहे, म्हणून आजचा लेख या विषयावर.

आपल्याकडे आता गावोगावी ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेड झाल्या आहेत. एकाच वस्तीवर एका बाजूला कोंबड्या, दुसऱ्या बाजूला गोठा, अंगणात शेळ्या आणि दाराशी कुत्रा, असे चित्र सर्रास दिसते. खाद्याची पोती एकाच पडवीत असतात. अशा ठिकाणी एका प्रकारच्या औषधांची माहिती घरातल्या प्रत्येकाला असायला हवी. या औषधांना 'आयनोफोर' प्रतिजैविके म्हणतात.

ही औषधे कशासाठी?

कोंबड्यांना रक्ती हगवण होते. शास्त्रात तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरतात, वाढतात आणि अस्तर फोडून बाहेर पडतात. गादी पद्धतीच्या शेडमध्ये पक्षी विष्ठेवरच वावरतात, त्यामुळे रोग झपाट्याने पसरतो. रोग झाल्यावर उपचार करण्यापेक्षा तो होऊ न देणे स्वस्त पडते. म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यातच थोडे औषध मिसळलेले असते.

मातीत राहणाऱ्या काही सूक्ष्म जीवांपासून ही औषधे मिळतात. त्यांतले सर्वात प्रसिद्ध म्हणजे मोनेन्सिन. अमेरिकेत १९७१ साली कोंबड्यांसाठी आणि १९७५ साली मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांसाठी ते वापरात आले. त्याच कुळातली इतर नावे म्हणजे सॅलिनोमायसिन, नॅरासिन, लासालोसिड, मदुरामायसिन आणि सेमदुरामायसिन. गुरांच्या पोटात मोनेन्सिन वेगळे काम करते. ते कोठीपोटातील जिवाणूंचा समतोल बदलते, त्यामुळे खाल्लेल्या खुराकाचा अधिक उपयोग होतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली, त्यात मोनेन्सिन आणि सॅलिनोमायसिन ही दोन्ही होती. मात्र कोंबड्यांच्या रक्ती हगवणीसाठी आयनोफोर औषधे तिथेही वापरली जातात. तेव्हा ही औषधे मुळात वाईट आहेत, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. योग्य पक्ष्याला, योग्य मात्रेत दिली तर ती उपयोगीच आहेत.

ती काम कशी करतात?

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक नाजूक पडदा असतो. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त आणि आत पोटॅशियम जास्त, असा हिशेब निसर्गाने ठरवून दिलेला आहे. हा हिशेब राखण्यासाठी पेशी रात्रंदिवस पंप चालवते आणि आत शिरलेला सोडियम बाहेर फेकते. आयनोफोर म्हणजे 'आयन वाहून नेणारा'. मोनेन्सिनचा रेणू सोडियमला जणू कडेवर घेतो आणि पडद्यातून सरळ आत नेऊन सोडतो. परत बाहेर येतो, पुन्हा एकाला घेऊन जातो. सॅलिनोमायसिनचा ओढा पोटॅशियमकडे अधिक असतो, पण हिशेब बिघडवण्याचे काम तेच.

कोंबडीच्या आतड्यातील परजीवीच्या अंगात असा सोडियम भरत गेला की पाठोपाठ पाणी शिरते. पंप चालवून त्याची शक्ती संपते, तो फुगतो आणि मरतो. हे झाले औषधाचे काम.

पण हेच औषध जास्त प्रमाणात रक्तात गेले, तर जनावराच्या स्वतःच्या पेशींतही हाच प्रकार घडतो. सोडियम वाढला की त्याच्या मागोमाग कॅल्शियम वाढतो. कॅल्शियम वाढला की स्नायूचा तंतू आकसतो आणि सैल होऊ शकत नाही. पेशीतील ऊर्जा तयार करणारी केंद्रे बंद पडतात आणि तंतू मरतात. ज्या अवयवांना सतत ऊर्जा लागते, त्यांना पहिला फटका बसतो. म्हणजे हृदय आणि हातापायांचे मोठे स्नायू. ही विषबाधा मुख्यतः हृदयाची आणि स्नायूंची आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सर्व समजेल.

आकडे काय सांगतात?

एखाद्या पदार्थाच्या ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मी जनावरे दगावतात, तिला अर्धमारक मात्रा म्हणतात. मोनेन्सिनची ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे कोंबडीत सुमारे २०० मिलिग्रॅम आहे. शेळीत ती सुमारे २६, मेंढीत सुमारे १२ आणि घोड्यात फक्त २ ते ३ मिलिग्रॅम आहे. गुरांत निरनिराळे आकडे मिळतात, पण ते २० मिलिग्रॅमपासून पुढे आहेत. म्हणजे वजनाच्या हिशेबाने कोंबडीला जेवढे मोनेन्सिन लागते, त्याच्या सत्तर ते शंभरपट कमी मोनेन्सिनने घोडा जातो. सॅलिनोमायसिनच्या बाबतीत तर घोड्याची मात्रा किलोमागे अवघी ०.६ मिलिग्रॅम आहे.

असे का? याचे एक मोठे कारण यकृतात आहे. कोंबडी आणि गाय यांचे यकृत हे औषध चटकन मोडून टाकते. घोड्याच्या यकृताला ते जमत नाही, त्यामुळे औषध रक्तात रेंगाळते. गाढव आणि खेचर हेही घोड्याचेच भाईबंद, त्यांनाही तोच धोका समजावा.

आता घरचा हिशेब करू. ब्रॉयलरच्या खाद्यात सॅलिनोमायसिन साधारणपणे किलोमागे ६० मिलिग्रॅम असते. तीनशे किलो वजनाच्या घोडीला अर्धमारक मात्रा १८० मिलिग्रॅमची. म्हणजे फक्त तीन किलो कोंबडीखाद्य. घोडी एवढी चंदी एका दिवसात सहज खाते.

एका घोडेवाल्याची गोष्ट

हा हिशेब कागदावरचा नाही. लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या बाळगणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्या मेहुण्याची कोंबड्यांची शेड होती. कोंबड्यांचा लॉट विकला गेला आणि चार पोती खाद्य उरले. हरभऱ्याचे भाव चढलेले, त्यामुळे मेहुण्याने प्रेमाने ती पोती त्याला दिली. खाद्य ताजे, वास चांगला, मका आणि सोयाबीनचे. त्याने रोजच्या चंदीऐवजी तेच घातले. मोठी घोडी सकाळ-संध्याकाळ मिळून चार किलो खाऊन गेली. धाकटी तोंडाची चोखंदळ, तिने निम्मे टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घोडीला घाम फुटला. ती खाईना, जमिनीला पाय घासू लागली, मागचा भाग डुलू लागला. घोड्याला पोटशूळ झाला की त्याला फिरवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याने तिला तासभर फिरवले. मी पोहोचलो तेव्हा ती खाली बसलेली होती. छातीचे ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद आणि अनियमित होते, लघवी कॉफीच्या रंगाची. खुराक बदलला का, असे विचारल्यावर पोते दाखवले गेले. पोत्यावरच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरात सॅलिनोमायसिन असे छापलेले होते. ती घोडी त्याच रात्री गेली. धाकटी वाचली. पण तिच्या हृदयाला जी इजा झाली ती कायमची. वरातीत नाचवणे तर सोडाच, थोडे पळवले तरी ती धापा टाकत असे. ऐन लग्नसराईत त्या घराची दोन्ही कमावती जनावरे गेली, असेच म्हणावे लागेल.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. खाद्य चांगले होते, देणारा आपला होता. पोत्यावर नावही छापलेले होते. पण कोंबडीचे खाद्य म्हणजे नुसते मका-सोयाबीन नव्हे, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

असे प्रकार फक्त आपल्याकडेच होतात असे नाही. २०१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घोडेस्वारीच्या एका केंद्रावर घोड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन आणि लासालोसिड मिसळले गेले. तिथे २२ घोड्यांना विषबाधा झाली. १९९६ साली नेदरलँड्समध्ये मांजरांच्या तयार खाद्यात सॅलिनोमायसिन गेले आणि आठशेहून अधिक मांजरांना लुळेपणा आला. मोठे कारखाने, यंत्रे आणि तपासणी असूनही हे घडले. मग आपल्या पडवीत किती जपले पाहिजे, याचा विचार करावा.

बैल, गाय आणि शेळ्या-मेंढ्या

गुरांची सहनशक्ती घोड्यापेक्षा बरीच जास्त आहे. तयार कोंबडीखाद्यात मोनेन्सिन किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅम असते. तीनशे किलोच्या बैलाला धोक्याची मात्रा सहा ग्रॅम धरली, तर त्याला एका वेळी साठ किलो खाद्य खावे लागेल. तेवढे तो खात नाही. मग धोका कुठे आहे?

धोका आहे प्रीमिक्समध्ये. काही शेतकरी खाद्य घरीच तयार करतात आणि औषधाची तीव्र भुकटी आणून त्यात मिसळतात. तिलाच प्रीमिक्स म्हणतात. शेकडा दहा टक्क्यांच्या प्रीमिक्समध्ये किलोमागे १०० ग्रॅम मोनेन्सिन असते. म्हणजे बैलाची ती सहा ग्रॅमची मात्रा साठ ग्रॅम भुकटीत, साधारण एका मुठीत आली. पंचवीस किलोच्या मेंढीला तर तीन ग्रॅम भुकटी पुरते, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. फुटलेली पिशवी गोठ्यात ठेवली आणि शेळीने तोंड घातले, किंवा क्षार-मिश्रण समजून कोणी ती आंबोणात टाकली, की अनर्थ झालाच.

दुसरा धोका फावड्याने मिसळण्यात आहे. एक टन खाद्यात असे प्रीमिक्स जेमतेम एक किलो पडते. ते हजार किलोंत सारखे पसरणे फावड्याचे काम नव्हे. ढिगाच्या एका कोपऱ्यात औषध नसते आणि दुसऱ्या कोपऱ्यात दसपट असते.

कोंबड्यांनाही सुटका नाही

मात्रा चुकली तर ज्या कोंबडीसाठी औषध आहे तिलाही ते बाधते. पक्षी खाणे सोडतात, पाय लुळे पडतात, छातीवर पडून पाय मागे ताणलेले दिसतात. मदुरामायसिन हे फार तीव्र आहे. खाद्यात ते किलोमागे फक्त ५ मिलिग्रॅम असते, म्हणून तिथे थोडीशी चूकही महागात पडते. टर्की पाळणाऱ्यांनीही जपावे, कारण सॅलिनोमायसिन टर्कीला कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन औषधांची गाठ. कोंबड्यांना सर्दी-खोकला झाला की पाण्यातून टियामुलिन नावाचे औषध दिले जाते. खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन असताना टियामुलिन दिले, तर ते यकृताला आयनोफोर मोडू देत नाही. मग नेहमीची मात्राच विषारी ठरते. शेडमधले पक्षी अचानक पायांनी लुळे पडू लागतात आणि मालकाला वाटते की नवी साथ आली. डुकरांतही हेच घडते. तेव्हा दुकानातून औषध आणताना सध्या खाद्यात काय आहे, हे आधी सांगावे.

कोंबडखताचा प्रश्न

चाऱ्याची टंचाई असली की कोंबडखत गुरांना खाऊ घालण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतो. त्यात प्रथिने असतात हे खरे. पण कोंबडीने खाल्लेल्या औषधाचा बराच भाग विष्ठेतून बाहेर पडतो आणि खाली सांडलेले खाद्यही त्याच गादीत असते. इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका या देशांत मदुरामायसिन असलेले कोंबडखत खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. शिवाय त्यात मेलेला पक्षी राहून गेला असेल तर बोट्युलिझम या दुसऱ्या जीवघेण्या विषबाधेची भीती असतेच. कोंबडखत शेतासाठी उत्तम आहे, ते शेतातच जावे. ढिगाभोवती मात्र काटेरी कुंपण घालावे.

लक्षणे कशी ओळखावीत?

घोड्यात साधारण बारा ते छत्तीस तासांत लक्षणे दिसतात. खाणे बंद, घाम, पोटशूळासारखी अस्वस्थता, मागचे पाय लटपटणे, गडद तपकिरी लघवी, शेवटी बसणे. गुरांत पहिले लक्षण म्हणजे खुराक नाकारणे. त्यानंतर हगवण, सुस्ती, धाप लागणे. पुढे गळ्याखालच्या पोळीला सूज येते आणि मानेची शीर उडताना दिसते, कारण हृदय थकलेले असते. काही जनावरे बरी झाल्यासारखी वाटतात आणि काही आठवड्यांनी नांगराला किंवा गाडीला जुंपल्यावर एकाएकी कोसळतात.

एकाच वेळी अनेक जनावरांनी खाणे सोडले आणि दोन-तीन दिवसांत खुराकात काही बदल झालेला असेल, तर आधी खुराकावर संशय घ्यावा. भूतबाधा, नजर किंवा सर्पदंश हे नंतर.

अशा वेळी काय करावे?

संशयित खाद्य ताबडतोब बंद करावे. सर्वच जनावरांचे बंद करावे, फक्त आजारी जनावराचे नव्हे. जनावराला अजिबात चालवू नये, पळवू नये. सावलीत उभे करावे, पाणी ठेवावे. या विषावर उतारा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पहिल्या काही तासांत पशुवैद्यक नळीने औषधी कोळसा पोटात देऊ शकतात. त्यामुळे पोटात उरलेले औषध रक्तात जाणे कमी होते. शिरेतून सलाईन दिल्याने मूत्रपिंडे वाचण्यास मदत होते. मनाने हृदयाचे इंजेक्शन देऊ नये, काही हृदयाची औषधे या विषबाधेत उलट घातक ठरतात. खाद्याचा अर्धा किलो नमुना आणि पोत्यावरची पट्टी जपून ठेवावी. ती नसेल तर प्रयोगशाळेलाही नेमके काय शोधायचे ते कळत नाही. वाचलेल्या जनावराला काही आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी आणि कामाला जुंपण्यापूर्वी त्याचे हृदय तपासून घ्यावे.

माणसांचे काय?

वाचक साहजिकच विचारतील की मग कोंबडीचे मांस खावे की नाही? योग्य मात्रेत औषध दिलेल्या आणि पट्टीवर सांगितलेल्या मुदतीनंतर कापलेल्या कोंबडीच्या मांसात या औषधाचा अंश अत्यंत अल्प राहतो. त्याची भीती बाळगू नये. मात्र ब्रॉयलरचे औषधी खाद्य अंडी देणाऱ्या कोंबड्यांना घालू नये, कारण त्याचा अंश अंड्यात उतरू शकतो.

धोका आहे तो भुकटीचा. ब्राझीलच्या डॉक्टरांनी २००१ साली एका १७ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याने मोनेन्सिन खाल्ले होते. त्याचे स्नायू विरघळले, मूत्रपिंडे आणि हृदय निकामी झाले आणि तो गेला. त्या मुलाला शरीर कमावण्याची आवड होती, असेही त्या हकिगतीत म्हटले आहे. गुरांचे वजन वाढवणारे औषध आपलेही शरीर वाढवील, हा समज किती घातक आहे हे आपल्या तालमीतल्या मुलांनीही ध्यानात घ्यावे. प्रीमिक्स हाताळताना तोंडाला फडके बांधावे, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. कोणाच्या पोटात ती गेली, तर लक्षणांची वाट न पाहता पिशवीसह दवाखाना गाठावा.

पाळावयाचे नियम

१. कोंबडीचे खाद्य कोंबडीलाच घालावे. घोडा, गाढव, खेचर यांना तर चिमूटभरही नको.

२. प्रत्येक पोत्यावरची पट्टी वाचावी. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी आणि वर दिलेली सहा नावे शोधावीत. पट्टीच नसेल तर ते खाद्य दुसऱ्या जनावराला देऊ नये.

३. प्रीमिक्स कुलपात ठेवावे. त्याची रिकामी पिशवी धान्याला किंवा पेंडीला वापरू नये.

४. कोंबडीखाद्य ज्या घमेल्यात किंवा गिरणीत तयार केले, ते पूर्ण साफ केल्याशिवाय त्यात दुसऱ्या जनावराचा खुराक करू नये.

५. टियामुलिन किंवा दुसरे कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यकाला खाद्याची पट्टी दाखवावी.

६. उरलेले खाद्य नातेवाईकाला द्यायचे असेल, तर ते कोणत्या पक्ष्याचे आहे आणि कोणाला घालायचे नाही, हे तोंडाने सांगून द्यावे.

या सहा नियमांना पैसा लागत नाही. पोत्यावरची ती बारीक अक्षरे वाचायला दोन मिनिटे पुरतात. ती न वाचल्याने गेलेले जनावर मात्र दोन वर्षांच्या कमाईनेही परत उभे राहत नाही. आज संध्याकाळी चंदी किंवा आंबोण ठेवण्यापूर्वी आपल्या पडवीतली पोती एकदा उलटून पाहावीत, एवढीच विनंती.